शेवटचा हात

गाडी पळत असताना तिचं दुखणं कळत नाही. ती उभी केली, गिअर काढला, ॲक्सिलेटरवरचा पाय उचलला, म्हणजे कळतं. इंजिन नुसतं चालू ठेवायचं, त्याला ओढायला काही द्यायचं नाही, या अवस्थेला गॅरेजवाले 'स्लो' म्हणतात. चांगल्या इंजिनाचा स्लो एकसारखा असतो, रवंथ करत बसलेल्या बैलाच्या श्वासासारखा. बिघडलेलं इंजिन स्लोला वर जातं, खाली येतं, पुन्हा वर जातं, आणि एखाद्या वेळी खाली गेलं ते बंदच पडतं. 'गाडी स्लो धरत न्हाई' असं मग फाट्यावरचं शेंबडं पोरगंही सांगतं.

मी काही मिस्त्री नाही. दहावीपर्यंत शिकलो आणि ते शिक्षण आल्याच्या आणि घेवड्याच्या रानात खर्ची पडलं. पण आमच्या घरात बरीच वर्षं एक मारुती व्हॅन होती, ओम्नी म्हणतात ती. तिच्या एका दुखण्यापायी माझ्या डोक्यात एक प्रश्न शिरला तो अजून निघालेला नाही. काही बिघडलं की आपण दोष कुणाला देतो, आणि त्यालाच का देतो, एवढाच तो प्रश्न आहे. ऐकायला सोपा वाटतो.

व्हॅन १९९६ चं मॉडेल, आम्ही २००१ साली जुनी घेतली. घेतली ती चौघांच्या खळ्यातून, पण ताबा आमच्या थोरल्या बंधूंकडं, म्हणजे आण्णांकडं. सकाळी दुधाच्या किटल्या, मग आल्याची पोती, लग्नसराईत वऱ्हाड, आणि कुणाला अपरात्री साताऱ्याला न्यायचं झालं तर मागची सीट काढून त्यात गादी टाकायची. तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं छोटं इंजिन, तेही ड्रायव्हरच्या सीटखाली. सीट उचलली की इंजिन दिसतं. उन्हाळ्यात बूड भाजायचं, पण त्या इंजिनानं कधी तक्रार केली नाही.

२००६ च्या श्रावणात तिचं ॲव्हरेज पार खाली आलं. लिटरला १४-१५ किलोमीटर देणारी गाडी १० वर आली. मागून काळा धूर. आमचा नेहमीचा मिस्त्री त्याच्या आदल्या वर्षी वारला होता. म्हणून आण्णांनी गाडी फाट्यावरच्या नव्या पोराकडं टाकली. हे पोरगं आमच्याच गावचं. बाप रोजगारी. पोरगं सात-आठ वर्षं पुण्याच्या बाजूला गॅरेजात राबून आलं होतं आणि पतसंस्थेचं कर्ज काढून त्यानं फाट्यावर पत्र्याचं शेड मारलं होतं. उमेदीचं पोर. हात काळे, पण वही स्वच्छ. कुठल्या गाडीला काय घातलं ते तारखेनिशी लिहून ठेवायचं.

त्यानं गाडी उघडली आणि आण्णांना यादी दिली. तिन्ही प्लग काजळीनं भरलेले, प्लगच्या वायरी कडक झालेल्या, डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि रोटर झिजलेला, एअर फिल्टर मातीनं गच्च, आणि कारबुरेटर तर कामातून गेलेला, त्याच्या शाफ्टला खेळ आलेला. आण्णांनी कुरकुर केली, पण 'एकदाच काय ते करून टाक' म्हणाले. साडेपाच हजार रुपये झाले. २००६ साली ते काही थोडे नव्हते. त्या साली आल्याला भावही नव्हता.

गाडी घेऊन आण्णा कोरेगावला जाऊन आले. धूर नाही, ओढ चांगली. पण बाजारात उभी केली आणि स्लो धरेना. वर-खाली, वर-खाली, आणि बंद. पुन्हा चावी मारायची. दुधाच्या डेअरीसमोर चारदा बंद पडली. लोक हसले असतील. आण्णा तिथून तडक फाट्यावर गेले आणि चार लोकांत बोलले, "माझं वरजिनल सामान काढून घेतलंस आन् डुप्लिकेट घातलंस. द्यायच्या आधी गाडी स्लोला घड्याळासारखी चालत हुती."

हे बोलणं साधं नाही. गावात मिस्त्रीला 'तुला काम येत नाही' म्हटलं तर तो शिकतो. 'तू सामान चोरलंस' म्हटलं तर त्याला शेडचे पत्रे उतरवावे लागतात. चार लोकांनी ऐकलं, संध्याकाळपर्यंत चाळीस लोकांना माहीत झालं. दुसऱ्या दिवशी एक ट्रॅक्टरवाला आपला डायनामो परत घेऊन गेला, काम न करताच.

मी फाट्यावर गेलो तेव्हा पोरगं गाडीची सीट उचलून वाकलेलं होतं. मला म्हणालं, "तात्या, दोन दिवस द्या. पैसं मागत न्हाई. पर गाडी हितंच ऱ्हाऊ द्या." मला आल्याला पाणी द्यायचं होतं, पण लाईट रात्री दोनला येणार होती. म्हणून बसलो. दोन्ही दिवस दुपारचा तिथंच बसून होतो.

त्याचं पहिलं काम मला पटलं. त्यानं आधी आपलंच काम उकरलं. प्लग काढले, फटी मोजल्या, परत बसवले. वायरी एक-तीन-दोन अशा क्रमानं लागल्यात का ते पाहिलं. कारबुरेटर सोडवून खालचं पॅकिंग पाहिलं. डिस्ट्रिब्युटरला जाणारी बारीक रबरी नळी फुंकून पाहिली. मी म्हटलं, "तुझं तुला माहिती असंल की, नीट बसवलंय ते." तो म्हणाला, "हात शेवटचा माझा लागलाय. आधी माझंच बघाय पायजे."

कशातच खोट सापडली नाही.

मग त्यानं जे केलं त्यानं गोष्ट त्याच्यावरच उलटली. जुना कारबुरेटर त्यानं टाकलेला नव्हता, पिशवीत होता. (म्हणजे चोरीची गोष्ट तिथंच संपायला हवी होती, पण आण्णांच्या लक्षात ते आलं नाही.) तो झिजलेला कारबुरेटर त्यानं परत बसवला. चावी मारली. आणि गाडी स्लोला नीट चालली, थोडा धूर सोडत, पण एकसारखी. नेमके त्याच वेळी आण्णा आले. म्हणाले, "बघा. आता काय सांगाय पायजे? जुना घातला की गाडी नीट, नवा घातला की बिघडती. खोट कशात हाय?"

कुठल्याही पंचानं याच्यावर निकाल दिला असता. मीही गप्प झालो. पुरावा समोर चालत होता.

पोरगं मात्र विचारात पडलं. त्यानं जुन्या कारबुरेटरचा मिक्स्चरचा स्क्रू किती उघडा आहे ते मोजलं. एक-एक आटा मोजत तो बंद करत आणला. मग नवा बसवला आणि त्याचा स्क्रू तेवढाच उघडला. गाडी स्लोला लागली. नव्या कारबुरेटरवर! आण्णा तोवर चहाला गेले होते. तिथं मी आणि तो दोघंच.

म्हणजे त्याचं काम झालं होतं. स्क्रू अडीच आटे उघडा ठेवून गाडी दिली असती तर आण्णा खूश, चार लोकांसमोर नाव साफ, ट्रॅक्टरवाला परत. कुणाला काही कळलं नसतं. मी तसं म्हटलंसुद्धा. त्यानं स्क्रू परत होता तिथं आणला. गाडी पुन्हा वर-खाली करायला लागली. मग म्हणाला, "तात्या, पेट्रोल वाढवून दिलं की आज गाडी जाईल. पर म्हयन्यात पलग परत काळं हुतील. मग मी बदललं काय?"

पेट्रोल आणि हवा यांचं एक प्रमाण असतं. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. हवा जास्त झाली तर आग धरत नाही, पेट्रोल जास्त झालं तर काजळी. कारबुरेटर हे प्रमाण राखतो, पण त्याच्या पोटातून जाणाऱ्या हवेचंच. त्याच्या पुढं कुठं फट असली तर तिथून चोरून आत येणारी हवा त्याला कळत नाही. आणि ही फट जाणवते ती स्लोलाच. गाडी पळत असताना इंजिन एवढी हवा ओढतं की फटीतली हवा त्यात कुठल्या कुठं जाते. गाडी उभी राहिली की हवेचं मोठं दार जवळजवळ बंद होतं, आणि मग तीच फट दारासारखी मोठी होते. इंजिन वर गेलं की ओढ वाढते, फटीतून जास्त हवा येते, आग मरते, इंजिन खाली येतं. खाली आलं की ओढ कमी, हवा कमी, आग धरते, परत वर. असा तो खेळ चालतो. हे सगळं त्या पोरानं मला पान्याच्या टोकानं मातीत रेघा मारून सांगितलं. शाळेत मास्तरांनी असं सांगितलं असतं तर मी अकरावीला गेलो असतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं माझ्याकडं ठिबकची नळी मागितली, १६ एमएमची, हातभर. मी मोटारसायकलवरून जाऊन आणली. त्यानं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं टोक चालू इंजिनाभोवती फिरवलं, डॉक्टर छातीवर फिरवतो तसं. कारबुरेटरच्या बुडाशी काही नाही. नळ्यांपाशी काही नाही. इंजिनाला जिथं मॅनिफोल्ड जोडतात तिथं, खालच्या अंगाला, तिसऱ्या सिलिंडरपाशी थांबला. मला नळी दिली. बारीक शीळ ऐकू येत होती, कुकरची शिटी फसल्यावर वाफ निसटते तशी. त्यानं साबणाचं पाणी तिथं सोडलं. क्षणभर शीळ थांबली आणि इंजिन एकदम शांत, एकसारखं चाललं. पाणी ओढून घेतलं आणि पुन्हा वर-खाली सुरू.

उघडलं तेव्हा दिसलं. तिथल्या बोल्टचे आटे गेलेले, त्यामुळं तो आवळत नव्हता, आणि आतलं पॅकिंग जळून कातरलेलं. कातरलेल्या कडेला माती बसून काळी झाली होती. कमीत कमी चार-पाच वर्षांचं दुखणं असावं. कदाचित आम्ही गाडी घेतली तेव्हाही ते असेल. पॅकिंग ४० रुपयांचं. कोरेगावला लेथवर नवे आटे पाडून आणले त्याचे दीडशे.

म्हणजे झालं होतं असं. फट जुनी. तिच्यातून हवा जास्त यायची म्हणून आमचा वारलेला मिस्त्री मिक्स्चरचा स्क्रू थोडा उघडायचा, स्लो धरायचा. फट वाढली की तो अजून थोडा उघडायचा. हवाही जास्त आणि पेट्रोलही जास्त, दोन चुका एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून उभ्या होत्या आणि लांबून ते चांगलं दिसत होतं. नव्या पोरानं त्यातली एक चूक दुरुस्त केली. दुसरी उघडी पडली.

आता दोष कुणाचा?

आपल्याकडं म्हण आहे, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. ही म्हण आपण कावळ्याला सोडवायला वापरतो. योगायोग होता, बिचाऱ्याचा काही संबंध नाही, असं म्हणायचं असतं. मला ती तेवढी सरळ वाटत नाही. कावळ्याला वजन असतंच. तो बसला नसता तर फांदी त्या दिवशी मोडली नसती, हे खरंच आहे. आण्णांचंही म्हणणं तसं खोटं नव्हतं. नवा कारबुरेटर घातल्यामुळंच गाडी बिघडली होती, जुना घातल्यावर ती चालली होती. 'कशामुळं झालं' एवढंच विचारलं तर उत्तर कावळा. फांदी वाळवीनं पोखरली होती हे बघायला झाडावर चढावं लागतं, आणि चढायची तयारी कुणाची नसते.

शेवटचा हात ज्याचा, दोष त्याचा. हा आमच्या गावाचा कायदा आहे. गाय तीन दिवस पडून असते. देवऋषी झाला, झाडपाला झाला, शेजाऱ्यानं ढोसणी दिली. चौथ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरला फोन. तो येऊन सुई टोचतो आणि गाय जाते. मग पुढची दहा वर्षं 'डॉक्टरच्या सुईनं मेली'. याचा परिणाम काय होतो ते मी पाहिलं आहे. पुढचा डॉक्टर पडलेल्या जनावराला हातच लावत नाही. 'शिरवळला न्या' म्हणतो. माणसांच्या डॉक्टरांचंही तेच. म्हातारं माणूस धापा टाकत आणलं की तालुक्याचा डॉक्टर पायरीवरूनच साताऱ्याची चिठ्ठी लिहितो. त्याला आपण भित्रा म्हणतो. शेवटचा हात लावायचा धोका इतका वाढवून ठेवला तर शेवटी हात लावणारच कोण?

पण याची दुसरी बाजूही आहे, आणि ती त्या पोरानंच मला दाखवली. तो म्हणाला होता, हात शेवटचा माझा, आधी माझंच बघाय पायजे. हाही शेवटच्या हाताचाच कायदा की. मिस्त्री लोकांत तो पक्का आहे. काही बदलल्यावर गाडी बिघडली तर आधी बदललेलंच बघायचं, दहातल्या बऱ्याच वेळा तिथंच एखादी नळी लावायची राहिलेली असते. मग आण्णांच्यात आणि त्याच्यात फरक काय? मला तो असा वाटतो. कुठून शोधायला लागायचं, यासाठी शेवटचा हात चांगला आहे. कुठं शोध थांबवायचा, यासाठी तो वाईट आहे. आण्णा जिथं थांबले तिथून पोरानं सुरुवात केली होती.

आणि वारलेला मिस्त्री? त्याला दोषी धरणं आता सोपं आहे, तो उत्तर द्यायला नाही. तो बेइमान नव्हता. फट त्याला माहीत होती की नाही, देव जाणे. माहीत असली तरी त्याच्याकडं येणारं गिऱ्हाईक म्हणायचं, 'गाडी आज लागती, बाजार हाय, शंभरात काय हुतंय ते कर.' शंभरात स्क्रू फिरतो, मॅनिफोल्ड उतरत नाही. त्यानं गाडी कित्येक वर्षं चालती ठेवली. आम्हांला रस्त्यात सोडलं नाही कधी. एवढंच की त्याच्या त्या चालतं ठेवण्याची किंमत कुणीतरी भरत होतं. पेट्रोल जादा जात होतं, प्लग काळे होत होते, इंजिनात काजळी साठत होती.

आता तर हे काम मिस्त्रीला करावंच लागत नाही. माझ्या मुलाच्या गाडीत कारबुरेटर नाही, कॉम्प्युटर आहे. हवेच्या वाटेत काजळी साचली की तो आपला आपण ओळखतो आणि स्लोपुरती जादा हवा सोडतो. काजळी वाढली, तो अजून सोडतो. ड्रायव्हरला पत्ता लागू देत नाही. गंमत पुढं आहे. मुलानं मागं ती काजळी साफ करून घेतली, तर गाडी स्लोला बोंबलायला लागली, वर-खाली करायला लागली. वाट मोकळी झाली होती, पण कॉम्प्युटर सवयीनं जादा हवा सोडतच होता. मुलगा मिस्त्रीवर चिडला. मिस्त्री हसला, बॅटरीची वायर थोडा वेळ काढून ठेवली, परत लावली, गाडी बराच वेळ स्लोला चालवून दिली, आणि तिनं नवीन चाल शिकून घेतली. मुलाला वाटलं, जादू आहे. मला व्हॅन आठवली. आणि व्हॅनच्या मागं नेहमी आठवते ती माझी आई.

हे सांगू की नको असा विचार केला. पण त्या श्रावणात आमच्या घरातही एक गाडी स्लो धरत नव्हती, आणि ती सोडून व्हॅनचं सांगण्यात अर्थ नाही.

आई २००५ च्या पौषात गेली. २००६ च्या वैशाखात आण्णांच्या मुलाचं लग्न झालं, सून घरात आली. आणि श्रावणापर्यंत घरात धुसफुस सुरू झाली. चुलीवरून, दुधाच्या पैशावरून, कुणाच्या पोराला किती वह्या आणल्या यावरून. आळीतल्या बाया लगेच म्हणाल्या, "पांढऱ्या पायाची हाय. आली आन् घर मोडाय लागलं." पुरावा समोर चालत होता. ती यायच्या आधी घर घड्याळासारखं होतं, आली आणि वर-खाली करायला लागलं.

पोरगी बारावी झालेली. तिनं काय केलं होतं? सासऱ्यांना विचारून तिनं एक वही घातली होती. दुधाचे किती आले, आल्याचे किती आले, कुणी काय उचललं. कुणाला दाखवायला म्हणून नाही, घरात एवढी माणसं आणि कुणालाच काही आठवत नाही म्हणून. वहीत पहिल्या दोन महिन्यांतच दिसलं की चौघा भावांत उचल सारखी नाही. कुणाची जास्त, ते इथं लिहीत नाही. सगळे अजून एकमेकांच्या लग्नाला जातात, तेवढं राहू दे.

ती उचल आईच्या वेळीही तशीच होती. तेव्हा कुणाला बोचत नव्हती, कारण आई भरून काढायची. ज्या घरी कमी गेलं त्या घरी तिची लोण्याची बरणी जायची. तिच्या दोन म्हशींचं तूप, कोंबड्यांची अंडी, माहेरून आलेली साडी, हे सगळं कुठं जायचं ते कुणी विचारलं नाही. थोरलीला रागावायची धाकटीच्या समोर, आणि धाकटीला तूप द्यायची थोरलीच्या मागं. घर एकसारखं चालायचं. तिच्या अंगावर मात्र शेवटच्या सात-आठ वर्षांत मी नवं लुगडं पाहिलं नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी अंगात रक्तच नाही म्हणून सांगितलं. आम्ही म्हणालो, म्हातारपण.

आईनं चूक केली असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिनं फट बुजवायला हवी होती, चौघा मुलांना समोर बसवून हिशेब मांडायला हवा होता, असं आज वहीतला हिशेब बघून कुणीही म्हणेल. मांडला असता तर घर वीस वर्षं आधी फुटलं असतं, आणि आम्हां धाकट्यांची लग्नंही झालेली नव्हती. शिवाय सुगीत आणि लागणीच्या दिवसांत आमचं घर कधी भांडत नसे, तेव्हा सगळे पळत असायचे. भांडणं यायची ती रिकाम्या भाद्रपदात. तेवढे दिवस धरून न्यायचे, एवढंच तिला रोजच्या रोज दिसत असणार. वारलेल्या मिस्त्रीला जसं दिसत होतं. पण जिची काही खोट नव्हती अशी परक्या घरची पोर तिच्या मागून आली आणि वीस वर्षांची फट तिच्या पायाखाली सापडली, तिला 'पांढऱ्या पायाची' म्हणवून घ्यावं लागलं. आईला हे कळलं असतं तर तिनं काय केलं असतं, मला सांगता येत नाही. सांभाळून नेणाऱ्या माणसाच्या चांगुलपणाचं बिल नंतर येणाऱ्याच्या नावावर फाडलं जातं. तरी सांभाळून नेणारी माणसं नसतील तर दिवस ढकलायचे कसे, हेही मला कळत नाही. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसल्या आहेत. एकमेकींना उठवत नाहीत.

त्या दिवाळीला आमच्या चुली वेगळ्या झाल्या. व्यवस्थित झाल्या. वही होती म्हणून वाटणीत आरडाओरडा झाला नाही. हे आळीतल्या बायांनी कधी मोजलं नाही.

राहिलं त्या पोराच्या बिलाचं. पॅकिंग, आटे आणि मॅनिफोल्ड उतरवायची मजुरी धरून त्यानं ४०० रुपये सांगितले. दोन दिवस शोधत बसला त्याचं काहीच धरलं नाही. आण्णा म्हणाले, तेच बरोबर आहे, आधी सापडलं नाही ही त्याची चूक, तिचे पैसे आपण का द्यायचे? मी म्हटलं, फट त्यानं पाडली नाही. आपल्या घरची फट त्यानं आपल्याला शोधून दिली, दोन दिवस गिऱ्हाईक सोडून. डॉक्टर नुसता हात धरून काय झालंय ते सांगतो, त्याचे आपण देतो की नाही? आण्णा म्हणाले, "डॉक्टर डॉक्टर हाय." तिथं वाद थांबला. आम्ही सामान मोजून पैसे देतो, डोकं मोजत नाही, त्याला माझा इलाज नव्हता.

पण दुसऱ्या दिवशी आण्णा दुधाला जाताना फाट्यावर थांबले. गाडी चालू ठेवूनच उतरले. शेडसमोर माणसं होती. ती व्हॅन तिथं चांगली दहा मिनिटं स्लोला उभी होती आणि आण्णा त्या पोराला शेजारच्या पंपाचं काहीतरी विचारत होते. माफीबिफी नाही. ट्रॅक्टरवाला त्याच आठवड्यात डायनामो परत घेऊन आला.

मी माझ्या पैशातले ५०० रुपये त्याला वेगळे नेऊन दिले. आधी घेईना, मग घेतले आणि त्याच्या वहीत माझ्यादेखत लिहिले. घरी आल्यावर सूनबाईनं आमची वही काढली. मी मुद्दाम सांगितलं, हे खळ्यातले नाहीत, माझे आहेत. ती म्हणाली, "तरी लिवते की तात्या. पर कशात लिवू? सामान तर काहीच आलं न्हाई."

मी म्हटलं, "गाडीदुरुस्तीत लिव."